ताई, नंबर सांगा



मागच्या पावसाळ्यात एका शनिवारी आमच्या कल्याणच्या सल्ला केंद्रात एक बाई आली. वय तिशीच्या आत, दोन मुलं, पूर्वेला भाड्याची खोली, नवरा खाजगी कंपनीत. गालावर वळ होता, पण त्याबद्दल ती फारसं बोलत नव्हती. पुन्हा पुन्हा एकच विचारत होती, "ताई, त्याला कळलं कसं?"

झालं होतं ते असं. पाळी चुकून दहा दिवस झाले होते. तिसरं मूल हवं की नको, हे तिचं तिलाच ठरवायचं होतं आणि त्यासाठी आधी खात्री करून घ्यायची होती. गल्लीतला मेडिकलवाला ओळखीचा. त्याच्याकडून तपासणीची पट्टी घेतली तर संध्याकाळपर्यंत चाळभर होईल, म्हणून ती मुद्दाम रिक्षा करून स्टेशनजवळच्या मोठ्या, काचेच्या दुकानात गेली. तिथे कोणी ओळखीचं नव्हतं. काउंटरवरच्या मुलीने बिल करताना विचारलं, "ताई, नंबर सांगा." हिने सांगितला. कोणता? तिला पाठ असलेला एकच नंबर, नवऱ्याचा. गावाला, शाळेत, रेशनला, गॅसला, सगळीकडे तोच दिलेला. दुकानातून ती घरी पोचायच्या आत नवऱ्याच्या फोनवर 'खरेदीबद्दल आभार' असा संदेश आणि त्याखाली बिल पोचलं होतं. बिलात वस्तूचं नाव होतं, किंमत होती, वेळसुद्धा होती.

पुढचं तुम्ही सगळ्या जाणता. "माझ्यापासून लपवतेस? कोणाचं आहे?" इथून सुरुवात, मग मार, मग तिचा शिवणक्लास बंद. आठवड्याभराने त्याच नंबरवर लहान बाळांच्या वस्तूंच्या सवलतींचे संदेश यायला लागले. ते सासूने वाचले. (हे सगळं तिच्या परवानगीने लिहिते आहे, आणि ओळख पटेल असे तपशील बदलून.)

समाजकार्याच्या शिक्षणात पहिल्याच वर्षी आम्हाला 'गोपनीयता' हे तत्त्व शिकवलं होतं. समोर बसलेल्या व्यक्तीने सांगितलेलं तिच्या संमतीशिवाय चौथ्या भिंतीबाहेर जाता कामा नये. मी इतकी वर्षं ते सांभाळते अशी माझी समजूत होती. पण त्या दिवशी लक्षात आलं की आमच्याकडे येण्याआधीच त्या बाईची गोष्ट एका बिलाच्या मशीनने सांगून टाकली होती. तिला कोणी विचारलं नव्हतं आणि सांगणाऱ्याच्या मनात काही वाईटही नव्हतं. ओळखीच्या वाण्याची चहाडी चुकवायला ती जिथे गेली, तिथे चहाडी आपोआप होण्याची व्यवस्था होती.

या अंकाचं संपादकीय या विषयावर लिहायचं ठरलं तेव्हा मंडळातल्या एकीने विचारलं, "हा आपला प्रश्न आहे का? शहरातल्या, क्रेडिट कार्डवाल्या लोकांचा प्रश्न आहे." तिची शंका मला रास्त वाटली. म्हणून पुढच्या तीन बैठकांत, डोंबिवलीत, कल्याणात आणि ठाण्यात लोकमान्यनगरच्या गटात, मी एवढंच विचारलं: दुकानात नंबर दिल्यामुळे कधी काही झालं का? उत्तरं थांबेनात. एकीचा नवरा वारून चार वर्षं झाली, साडीच्या एका दुकानातून दरवर्षी लग्नाच्या वाढदिवसाच्या शुभेच्छा येतात. 'तुमच्या जोडीदाराला भेट द्या.' पहिल्या वर्षी ती संदेश वाचून रडली, आता रागावते. एकीचा पाचव्या महिन्यात गर्भपात झाला होता, आणि बाळाच्या 'सहाव्या महिन्याच्या' वस्तूंची जाहिरात तिला वेळेवर येत राहिली. नवरा सोडून माहेरी डोंबिवलीला आलेल्या एकीने फर्निचरच्या दुकानात नवा पत्ता दिला. घरपोच सामान देण्याआधी दुकानाने जुन्या नोंदीतल्या नंबरवर, म्हणजे नवऱ्याच्या नंबरवर, फोन करून पत्ता बरोबर आहे ना अशी खात्री करून घेतली.

या बायकांपैकी एकीकडेही क्रेडिट कार्ड नव्हतं.

आता दुकानात नंबर दिला की त्याचं पुढे काय होतं, ते थोडं पाहू. आपल्याला वाटतं, नंबर त्या दुकानाच्या मशीनमध्ये राहिला. बहुधा तसं नसतं. बिलाचं सॉफ्टवेअर एका कंपनीचं असतं, संदेश पाठवणारी कंपनी दुसरी असते, 'पॉइंट' गोळा करायचं कार्ड तिसरीच कंपनी चालवते आणि तिच्याकडे अशी बरीच दुकानं असतात. म्हणजे तुम्ही चप्पल कुठे घेतली, औषध कुठे घेतलं आणि मुलाचा गणवेश कुठे घेतला, हे एका नंबराखाली एकत्र बसू शकतं. शिवाय दुकानाला आपल्या गिऱ्हाइकांच्या नंबरांची यादी मोठ्या जाहिरात कंपन्यांना देता येते. त्या ती यादी आपल्याकडच्या खात्यांशी जुळवून पाहतात आणि नेमक्या त्याच माणसांच्या फोनवर जाहिरात दाखवतात. नंबर हा आता पत्त्यापेक्षा पक्का झाला आहे. घर बदलतं, आडनाव बदलतं, नंबर सहसा बदलत नाही.

अशा जुळवाजुळवीतून बाईच्या पोटातलं गुपितही ओळखता येतं, हे अमेरिकेतल्या 'टार्गेट' नावाच्या दुकानसाखळीवरून २०१२ सालीच जगापुढे आलं. न्यूयॉर्क टाइम्सच्या नियतकालिकातल्या एका लेखात आलं होतं की दुकानाचा संख्याशास्त्रज्ञ सुमारे २५ वस्तूंच्या खरेदीवरून कोणती बाई गरोदर असावी याचा अंदाज बांधत असे. विनावासाचं मलम, काही ठरावीक गोळ्या, कापूस अशा साध्या वस्तू. शाळकरी मुलीला बाळंतविड्याची कूपनं आली म्हणून बाप दुकानात भांडायला गेला आणि मग त्यालाच कळलं की मुलगी खरोखर गरोदर आहे, अशी एक हकीकतही त्यात होती. त्या हकीकतीबद्दल पुढे शंका घेतल्या गेल्या, पण पद्धत खोटी नव्हती. आपल्याकडे २०१९ साली 'प्रायव्हसी इंटरनॅशनल' या संस्थेने पाळीच्या तारखा नोंदवणाऱ्या अॅपची तपासणी केली. त्यात 'माया' हे भारतात तयार झालेलं अॅपही होतं. ते अॅप उघडताक्षणी फेसबुकला माहिती जात होती आणि बायका त्यात भरत असलेल्या नोंदीही पुढे जात होत्या, असं संस्थेने दाखवून दिलं. त्यानंतर कंपनीने ती सोय काढून टाकल्याचं सांगितलं. पाळीला 'कावळा शिवला' म्हणून बाजूला बसवण्याविरुद्ध आपण बोलत आलो. पाळीची तारीख विकाऊ माल होईल, हे आपल्या ध्यानीमनी नव्हतं.

पण मला या परदेशी आणि बड्या उदाहरणांपेक्षा आपल्या ठाण्याची दोन प्रकरणं जास्त महत्त्वाची वाटतात.

पहिलं, ऑक्टोबर २०१६ चं. ठाणे पोलिसांनी मीरा रोडच्या कॉल सेंटरांवर रात्री छापे घातले. शेकडो तरुण मुलंमुली तिथे बसून अमेरिकेतल्या लोकांना फोन करत होती, 'आम्ही कर खात्यातून बोलतोय, पैसे भरा नाहीतर अटक होईल' असं धमकावत होती. आपल्या लोकांनी अमेरिकनांना गंडवलं याची तेव्हा गमतीने चर्चा झाली. मला प्रश्न पडला तो वेगळा. मीरा रोडच्या खोलीत बसलेल्या मुलाला अमेरिकेतल्या म्हाताऱ्या बाईचा नंबर मिळाला कुठून? त्याच महिन्यात अमेरिकेच्या न्याय खात्याने अहमदाबादेतल्या अशाच कॉल सेंटरांविरुद्धचं आरोपपत्र जाहीर केलं. त्यात उत्तर होतं: माहितीच्या दलालांकडून. कोणीतरी कुठेतरी सहज दिलेला नंबर, तो कोणीतरी विकलेला, आणि शेवटी तो ठाणे जिल्ह्यात पोचलेला. आता प्रवाह उलटाही वाहतो. २०२३ साली सायबराबाद पोलिसांनी फरिदाबादच्या एका माणसाला पकडलं. त्याच्याकडे देशातल्या ६६.९ कोटी लोकांची आणि कंपन्यांची माहिती विक्रीसाठी होती, असं पोलिसांनी सांगितलं. त्यात दुकानं, घरपोच सेवा, बँका सगळ्यांच्या गिऱ्हाइकांचा भरणा होता.

दुसरं प्रकरण २०१८ च्या जानेवारी-फेब्रुवारीतलं, आणि ते तर थेट आपल्या घरात शिरणारं. ठाणे पोलिसांच्या गुन्हे शाखेने काही खाजगी गुप्तहेरांना अटक केली. आरोप असा की लोकांच्या फोनच्या नोंदी, म्हणजे कोणी कोणाला केव्हा फोन केला, किती वेळ बोललं, तेव्हा फोन कोणत्या टॉवरच्या हद्दीत होता, या बेकायदा मिळवून विकल्या जात होत्या. पोलीस दलातला एक शिपाईही त्यात पकडला गेला. अशा नोंदी विकत घेतं कोण? धंद्यातले प्रतिस्पर्धी असतीलच. पण कौटुंबिक सल्ला केंद्रात बसणाऱ्या कोणालाही विचारा, संशयी नवरा हे या बाजाराचं जुनं, खात्रीचं गिऱ्हाईक आहे. आमच्याकडे येणारे कितीतरी नवरे खिशातून कागद काढून म्हणतात, "हे बघा मॅडम, हिचे फोन." आपण त्या कागदाकडे बघत बसतो, तो आला कुठून हे विचारत नाही. मीही विचारत नव्हते.

या व्यवहाराच्या भाषेत 'तिसरा पक्ष' असा शब्द आहे. तुम्ही पहिला पक्ष, दुकान दुसरा, आणि दुकान ज्याला तुमची माहिती देतं तो तिसरा. कायदा करणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर हा तिसरा म्हणजे कुठलीतरी जाहिरात कंपनी असते. पण बाईच्या बाबतीत पहिला 'तिसरा' बहुतेक वेळा घरातच असतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) स्वतः वापरते असा मोबाइल असणाऱ्या बायका देशात ५४ टक्केच निघाल्या. उरलेल्यांचा नंबर म्हणजे नवऱ्याचा, मुलाचा, नाहीतर सासऱ्याचा. आणि ज्यांच्या हातात फोन आहे त्यांचंही सिमकार्ड अनेकदा त्याच्या नावावर, फोनचा पासवर्ड त्याला ठाऊक. दुकानाने कोणालाही माहिती विकली नाही, अगदी इमानदारीने गिऱ्हाइकालाच बिल पाठवलं, तरी बाईची माहिती दुसऱ्याच्या हातात जाते.

आता कायदा काय म्हणतो ते बघू. 'डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा' ऑगस्ट २०२३ मध्ये झाला. त्यात एक गंमत आहे. आजवरचे सगळे कायदे 'तो' लिहीत आणि 'तो म्हणजे तीसुद्धा' असं समजून घ्यायला सांगत. या कायद्याने उलट केलं. त्यात माणसाचा उल्लेख सगळीकडे 'ती' असा आहे, आणि ती म्हणजे कोणत्याही लिंगाची व्यक्ती, असा खुलासा आहे. संसदेत याचं कौतुक झालं. मलाही वाचताना बरं वाटलं, खोटं कशाला सांगू. पण पुढे वाचलं तर हा कायदा घरगुती कामासाठी एखाद्या व्यक्तीने वापरलेल्या माहितीला लागूच नाही. म्हणजे 'ती'चं रक्षण करणारा कायदा उंबरठ्यापाशी थांबतो. कंपनीने बिल चुकीच्या हाती दिलं तर निदान प्रश्न विचारता येईल, नवऱ्याने ते वाचून काय केलं याच्याशी या कायद्याला कर्तव्य नाही. त्यासाठी पुन्हा आपला २००५ चा कौटुंबिक हिंसाचाराचा कायदाच काढावा लागतो.

तरीही त्यात उपयोगाच्या गोष्टी आहेत. माहिती मागताना ती कशासाठी, हे साध्या भाषेत सांगायला हवं, आणि हवी असेल तर मराठीतही. दिलेली संमती मागे घेता येते. आपली माहिती पुढे कोणाकोणाला दिली त्यांची नावं मागता येतात, ती पुसायला सांगता येते. दंड २५० कोटी रुपयांपर्यंत आहे. मात्र तो सरकारी तिजोरीत जाईल, जिला मार बसला तिला त्यातला रुपयाही मिळणार नाही. उलट खोटी किंवा क्षुल्लक तक्रार केली म्हणून तिलाच दहा हजारांपर्यंत दंड होऊ शकतो. 'क्षुल्लक' कोण ठरवणार? पोलीस ठाण्यात 'घरगुती भांडण' हा शब्द आपण किती वर्षं ऐकतो आहोत! आणि हे हक्कही लगेच हातात आले नाहीत. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले आणि दुकानांवरच्या बहुतेक जबाबदाऱ्यांना त्यांत १८ महिन्यांची मुदत ठेवली गेली.

एक गोष्ट मात्र मुदत न ठेवता लगेच अमलात आली. याच कायद्याने माहिती अधिकाराच्या कायद्यात बदल केला आणि 'वैयक्तिक माहिती' हे नकाराचं कारण जास्त सोपं करून ठेवलं. पोटगीच्या दाव्यात नवऱ्याचा सरकारी पगार किती, हे बायकोला माहिती अधिकारात मिळावं असं मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०१८ साली म्हटलं होतं. आता अशा अर्जांना काय उत्तरं मिळतात, ते प्रत्येक केंद्राने नोंदवून ठेवायला हवं. गरोदरपणाची बातमी दुकानातून फुकट फुटते आणि नवऱ्याचा पगार मात्र 'खाजगी', असं होऊन चालणार नाही.

'खाजगी' या शब्दाशी आपलं भांडण जुनं आहे. 'ही घरातली बाब आहे' असं म्हणत दार लावून घेणाऱ्यांविरुद्धच तर आपण उभ्या राहिलो. मग आज आपणच खाजगीपण मागतो, हे कसं? एका ज्येष्ठ मैत्रिणीने मला हे जरा खोचकपणे विचारलं. मला वाटतं, त्यात विरोध नाही. मथुरा प्रकरणानंतर देशभर जे आंदोलन झालं, त्यातून १९८३ साली बलात्काराचा कायदा बदलला आणि पीडित बाईचं नाव उघड करणं गुन्हा ठरलं. तेव्हाही आपण म्हणत होतो की अत्याचार उजेडात आला पाहिजे, बाई नव्हे. १९९० साली सर्वोच्च न्यायालयात महाराष्ट्रातल्याच एका पोलीस निरीक्षकाचा खटला होता. त्या बाईच्या चारित्र्याकडे बोट दाखवून त्याला सुटायचं होतं. न्यायालयाने सांगितलं की समाज जिला वाईट चालीची म्हणतो तिलाही खाजगीपणाचा हक्क आहे, वाटेल त्याने तो मोडू नये. आणि २४ ऑगस्ट २०१७ रोजी नऊ न्यायाधीशांच्या पीठाने खाजगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला तेव्हा, स्त्रीवाद्यांनी घेतलेल्या याच हरकतीची दखल निकालात घेतली गेली: घराच्या भिंतीआडची हिंसा लपवायला हा हक्क वापरता येणार नाही. म्हणजे खाजगीपणा कुटुंबाचा नाही, त्यातल्या एकेका माणसाचा. आमच्या केंद्रात आलेल्या बाईला नवऱ्यापासूनही तो होता.

गर्भपाताच्या कायद्यात २०२१ साली सुधारणा झाली, त्यात डॉक्टरने बाईचं नाव अनधिकृत व्यक्तीला सांगितलं तर एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. चांगलं कलम आहे, आपल्यापैकी अनेकींनी ते मागितलं होतं. पण डॉक्टरच्या चिठ्ठीवर गोळ्या घ्यायला ती जिथे जाते, त्या दुकानाच्या बिलाच्या संगणकाला ते कलम लागू नाही.

आता काउंटरच्या पलीकडे उभ्या असलेल्या मुलीबद्दल. आमच्या बचत गटातल्या एकीची मुलगी घोडबंदर रोडच्या एका मॉलमध्ये कपड्यांच्या दुकानात काम करते. दहा तास उभं राहायचं, बसायला स्टूल नाही. तिने सांगितलं, किती बिलांवर नंबर घेतले याचा रोज हिशेब होतो. नंबराशिवाय बिल केलं तर संध्याकाळी सुपरवायझर सगळ्यांसमोर बोलतो, महिनाअखेरीचा भत्ता जातो. नंबर द्यायला नकार देणाऱ्या बायका तिच्यावरच ओरडतात. "ताई, मी काय त्यांचा नंबर घरी नेते का?" असं ती म्हणाली. म्हणून नकार देताना आवाज तिच्यावर चढवायचा नाही, मॅनेजरला बोलवायचं. नंबर मागणारी आणि देणारी, दोघी आपल्याच वस्तीतून लोकलने आलेल्या असतात.

आणि सवलतीचं काय? नंबर दिला तर तेलाच्या पिशवीमागे वीस रुपये कमी होतात. वीस रुपयांत एक वेळची भाजी येते. मी नोकरी करते, मला 'नंबर देणार नाही' असं ताठ मानेने म्हणता येतं. जिला ते वीस रुपये सोडता येत नाहीत तिला मी काय उपदेश करू? संक्रांतीला हळदीकुंकवात स्टीलच्या वाटीबरोबर जो छापील फॉर्म हातात येतो, नाव, पत्ता, वाढदिवस, मोबाइल, पैठणीची सोडत, तो डोंबिवलीत कोणी भरला नाही असं घर सापडणार नाही. आयोजक कधी सराफ, कधी बिल्डर, कधी नगरसेवक होऊ पाहणारे भाऊ. तो गठ्ठा पुढे कुठे जातो ते निवडणुकीच्या वेळी आलेल्या फोनांवरून कळतं. पण वर्षातून एकदा नटूनथटून बाहेर पडण्याची ती संधी असते, पैठणीची हौसही खरी असते. त्या बायकांना हसण्याचा आपल्याला अधिकार नाही.

तरी गटांतून सांगण्यासारखं थोडं आहे. बिल करायला मोबाइल नंबर लागतोच, असा कायदा नाही. मे २०२३ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्याने दुकानदारांना तशी सूचनाच काढली होती की नंबरासाठी अडवू नका. जीएसटीच्या नियमांतही, साध्या गिऱ्हाइकाची पन्नास हजारांच्या आतली खरेदी असेल तर नाव-पत्त्याचीसुद्धा सक्ती नाही. काही ठरावीक औषधांसाठी दुकानाला वहीत रुग्णाचं आणि डॉक्टरचं नाव लिहावं लागतं, पण त्या नोंदीतही मोबाइल नंबर सांगितलेला नाही. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात तर विश्वासाने दिलेली माहिती कायद्याबाहेर दुसऱ्याला देणं ही 'अनुचित व्यापारी प्रथा' म्हणून नोंदलेली आहे. त्यासाठी ग्राहक आयोगात जाता येतं आणि तिथे भरपाईही मागता येते. आपल्या भागातल्या एखाद्या बाईची अशी तक्रार उभी राहिली, तर दोनचार वकील मैत्रिणींनी ती हाती घ्यावी. जाहिरातीचे संदेश १९०९ वर कळवून बंद करता येतात. पैसे फसवून घेतले गेले तर १९३० वर लगेच फोन करायचा. आणि मोबाइलवरून पैसे देणाऱ्यांनी एवढं ध्यानात ठेवावं की तिथे नंबर न सांगताही अनेकदा नाव आणि नंबर समोरच्याकडे जातो. नाजूक खरेदीला रोख नोटा अजून बऱ्या.

हे सगळं लिहून झालं होतं आणि संपादकीय इथे संपवायचा माझा विचार होता. पण मधे ती कल्याणची बाई पुन्हा केंद्रात आली. शिवणक्लास परत सुरू झाला होता, बाकी काय ठरलं ते तिचं तिच्यापाशी. या लेखाचा कच्चा मजकूर मी तिला वाचून दाखवला. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "ताई, तुमच्या वहीत माझा कुठला नंबर लिहिलाय?"

कपाटातून नोंदवही काढली. पहिल्या दिवशी, त्या घाईगर्दीत, आमच्याच कार्यकर्तीने विचारलं होतं, "ताई, नंबर सांगा." आणि तिने पाठ असलेला नंबर सांगितला होता. पुढच्या मंगळवारी आठवणीचा फोन करायच्या यादीत तो नंबर वर चढलेला होता. ती स्वतःहून आली म्हणून, नाहीतर आम्ही केंद्रातून थेट नवऱ्यालाच फोन केला असता.

तिथेच थांबत नाही. आमच्या कामाला पैसे देणारी संस्था दर तिमाहीला 'लाभार्थी महिलां'ची यादी मागते: नाव, वय, वस्ती, मोबाइल, प्रश्नाचं स्वरूप. आम्ही ती संगणकावर करून ई-मेलने पाठवतो. वर्षानुवर्षं पाठवली. मेळाव्याचे फोटो वस्तीच्या व्हॉट्सअॅप गटावर टाकतो, त्यात घर सोडून आलेल्या बायकाही बसलेल्या असतात. दुकानाने केलं तर त्याला आम्ही 'तिसऱ्या पक्षाला माहिती देणं' म्हणतो.

त्या संध्याकाळी आम्ही तिघींनी वही घेऊन बसून एकेका नंबरासमोर 'स्वतःचा / घरच्याचा / माहीत नाही' अशी खूण करायला घेतली. रात्री नऊपर्यंत चाळीस नावं झाली, त्यात एकवीस नंबर 'घरच्याचे' निघाले. उरलेली पानं पुढच्या शनिवारी. संस्थेला पत्र लिहून कळवलं आहे की या तिमाहीपासून यादीत नावं आणि नंबर येणार नाहीत, फक्त आकडे येतील. अजून उत्तर आलेलं नाही. हप्ता अडला तर केंद्राच्या भाड्याचं काय करायचं, हा विषय पुढच्या बैठकीच्या पत्रिकेवर पहिला आहे. तुमच्या गटांनी आपापल्या वह्या उघडून पाहिल्या तर काय सापडलं ते आम्हाला कळवा, मात्र नावं न लिहिता.

संपादक मंडळासाठी